चिंगीचे खाणे : प्रकल्प नोंदी, डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५

२ डिसेंबर २०२४, सोमवार

आजपासून या वहीत चिंगीच्या खाण्याच्या नोंदी ठेवायचे ठरवले आहे. चिंगी पाच वर्षांची आहे. गेल्या आषाढात माझ्या पतींच्या मामेबहिणीने परदेशी जाताना तिला आमच्या स्वाधीन केले. पॉमेरेनियन म्हणून विकत घेतलेली ही कुत्री प्रत्यक्षात इंडियन स्पिट्झ असून त्यातही लहान चणीची आहे, असे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते. आपल्याकडे ही दोन नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. आमच्याकडे आल्यापासून तिचे खाद्य चार वेळा बदलून झाले. नवे खाद्य ती दोन-तीन दिवस आवडीने खाते. त्यानंतर भांड्याजवळ जाते, हुंगते, एक दाणा तोंडात धरून तो दिवाणखान्यातल्या सतरंजीवर आणून ठेवते आणि त्याच्याकडे पाठ करून बसते. घरात सगळे तिला 'नखरेल' म्हणू लागले आहेत.

नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मी गुणवत्ता तपासणीचे काम करते. एखादा नमुना नापास झाला, तर आधी काटा आणि तपासणीची रीत बरोबर होती का ते पाहायचे आणि मगच मालाला दोष द्यायचा, ही आमच्या कामाची शिस्त आहे. चिंगीच्या बाबतीत आम्ही नेमके उलट केले. तिला नखरेल ठरवून मोकळे झालो आणि खाद्ये बदलत राहिलो. आता मला असे एक खाद्य शोधायचे आहे की जे तिच्या शरीराला पुरेल, जे ती रोज खाईल आणि जे घरातल्या सगळ्यांना पाळता येईल.

५ डिसेंबर, गुरुवार

खाण्यातला नखरा आणि आजारपणातली अन्नावरची वासना उडणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात, म्हणून पहिले काम डॉक्टरांकडे जाण्याचे होते. लहान चणीच्या कुत्र्यांच्या इवल्याशा जबड्यात दातांची दाटी होते, त्यांच्यावर कीट लवकर चढते आणि हिरड्या दुखू लागल्या की कुत्रे कडक दाणे टाळते. डॉक्टरांनी चिंगीचे ओठ मागे ओढून दाढा पाहिल्या. कीट आहे, हिरडीची कड थोडी लालसर आहे, पण हलणारा किंवा तुटलेला दात नाही. रक्त आणि विष्ठा तपासायला दिली होती, त्यांचे अहवालही संध्याकाळी आले आणि त्यांत काही वावगे निघाले नाही.

वजन ३.८ किलो भरले. आमच्याकडे आली तेव्हा ते ३.६ किलो होते. डॉक्टरांनी तिच्या फासळ्यांवरून बोटे फिरवली, वरून कंबर पाहिली आणि शरीराच्या ठेवणीला नऊपैकी सहा गुण दिले. या मोजपट्टीवर चार ते पाच गुण उत्तम मानतात आणि त्यापुढे चरबी वाढत जाते. नंतर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला : जी कुत्री काही खात नाही, तिचे वजन वाढले कसे? दोनशे ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतात, परंतु साठ किलोच्या माणसाने पाच महिन्यांत सव्वातीन किलो वाढवावेत इतकी ही वाढ आहे. या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि येताना रिक्षात मी त्याचाच विचार करत होते.

तिची गरज काढण्याची रीत त्यांनी लिहून दिली. किलोमधील वजनाचा ०.७५ वा घात काढून त्याला ७० ने गुणले की विश्रांतीच्या अवस्थेतील रोजची गरज कळते, ३.८ किलोला ती साधारण १९० किलोकॅलरी येते. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी या आकड्याला सहसा १.६ ने गुणतात, मात्र चिंगी घरातच असते आणि वजनही किंचित जास्त आहे, म्हणून सुरुवात १.४ ने करायला त्यांनी सांगितले. उत्तर २६७ आले. त्यातला वरच्या खाऊचा वाटा दहा टक्क्यांहून अधिक नसावा, म्हणजे सत्तावीसच्या आत असावा.

८ डिसेंबर, रविवार

शुक्रवार, शनिवार आणि आज असे तीन दिवस मी कोणालाही काही न सांगता, चिंगीच्या तोंडात जे जे गेले ते ते टिपले. हे काम सांगून केले असते, तर सगळ्यांचे हात आखडले असते आणि आकडे खोटे निघाले असते. लपून नोंद करण्याचे मला वाईट वाटले, पण त्याशिवाय खरे चित्र दिसले नसते.

सासरे, म्हणजे अण्णा, सकाळच्या चहाबरोबर ग्लुकोजची दोन बिस्किटे चिंगीला देतात आणि दुपारच्या चहाला पुन्हा दोन. एक बिस्कीट साधारण २५ किलोकॅलरीचे असते. जेवणे झाल्यावर सासूबाई अर्धी पोळी म्हशीच्या दुधात कुस्करून तिला भरवतात. पोळी आणि दूध मिळून ११५ च्या आसपास भरतात. आमचा मुलगा ओम शाळेतून आल्यावर शेव खातो आणि मुठीतली चार-दोन चिमूट खाली सोडतो. शेजारच्या काकू संध्याकाळी दार उघडे दिसले की अर्धी खारी घेऊन येतात. पहिल्या दिवसाची बेरीज २४०, दुसऱ्या दिवसाची २६८ आणि आजची, रविवारमुळे, २८५.

चिंगीची दिवसाची गरज २६७ आहे, म्हणजे तिचे पूर्ण जेवण भांड्याबाहेरच होत होते. भांड्यातले आठ-दहा ग्रॅम दाणे ती वर खात होती आणि तेवढ्याच प्रमाणात वाढत होती. पोट भरलेले असताना ती जेवण नाकारत होती, याला नखरा म्हणणे हा आमचाच अन्याय होता. आपण पावणेचार किलोच्या जिवाकडे आपल्या मापाने पाहतो, ही खरी अडचण आहे. आपल्याला एक बिस्कीट म्हणजे काहीच नाही. तिच्या दिवसाच्या अन्नाचा तो अकरावा हिस्सा आहे.

पोट भरत होते, पण त्यात तिला काय मिळत होते, तेही पाहायला हवे. मैदा, साखर, तेल आणि दूध यांत प्रथिने थोडी, आणि तांबे, जस्त, आयोडीन यांचा तर हिशेबच नाही. दुधाने तिचे पोट अधूनमधून बिघडत होते तेही आता कळले. पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

आज रात्रीच्या जेवणानंतर वही सर्वांसमोर ठेवली. अण्णांनी चष्मा लावून तिन्ही दिवसांची पाने वाचली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मीच तिला आजारी पाडत होतो?" तसे नाही, हे मी त्यांना समजावले, आणि ते खरेही आहे, एकट्याच्या बिस्किटांनी हे झालेले नाही, चौघांच्या प्रेमाची बेरीज कोणी केली नव्हती इतकेच. सासूबाईंना अधिक लागले. "मुक्या जनावराला हाताने घास भरवायचा नाही, तर मग ते घरात कशाला आणायचं?" असे त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

त्यांचे म्हणणे मला रात्रभर पुरले. कोणाचा हात तोडणारा नियम या घरात टिकणार नाही, आणि टिकू नयेही. उपाय असा हवा की देणारे हात तेच राहतील आणि दिली जाणारी वस्तू बदलेल.

१४ डिसेंबर, शनिवार

चार दिवस वरचे खाणे जवळजवळ बंद आहे. अण्णांनी बिस्किटांचा डबा स्वतःच फडताळात वर ठेवला. तरीही चिंगीने दाण्यांना पुरते तोंड लावले नाही. दिवसभरात वीस-पंचवीस ग्रॅम खाल्ले आणि भूक लागल्याचे तिच्या ओट्याभोवतीच्या घिरट्यांवरून दिसत होते. म्हणजे माझ्या रविवारच्या निष्कर्षात काहीतरी अपुरे होते.

ते सासूबाईंनी शोधले. आज दुपारी भांडे घासायला घेताना त्यांनी एक दाणा चिमटीत धरला, नाकाशी नेला आणि मला हाक मारली. "अगं, हे खवट झालंय. जुन्या खोबऱ्याचा वास येतोय. हे मीसुद्धा खाणार नाही." मी वास घेतला. प्लॅस्टिकच्या बरणीत तोंड घालून जोराने श्वास घेतल्यावर तळाशी जुन्या तेलाचा तो उग्र, घशाला लागणारा वास आला. पाच महिने मी बरणी उघडत होते आणि तो वास मला डॉग फूडचाच वास वाटत होता.

हे दाणे आम्ही एका दुकानातून सुटे आणत होतो. मोठे पोते उघडून त्यातून किलो-दोन किलो मोजून देतात. कोरड्या दाण्यांवर शेवटी चरबीचा हात दिलेला असतो आणि त्यामुळेच ते चवदार लागतात, पण पोते उघडले की हवेने आणि उबेने तीच चरबी बिघडू लागते. पोते दुकानात कधी उघडले हे आपल्याला ठाऊक नसते, पाकिटावरची मुदतही हाती येत नाही, आणि आमची बरणी तर गॅसच्या शेजारच्या कप्प्यात होती. त्यात सुरुवातीचे महिने पावसाळी दमट हवेचे. नवे दाणे जुन्यावर ओतत गेल्यामुळे तळातला खवटपणा प्रत्येक नव्या खेपेला लागत होता. कुत्र्याची जीभ आपल्यापेक्षा मंद असते, तिच्यावर रुचीच्या कळ्या आपल्याहून पुष्कळ कमी असतात. ते अन्न पारखते ते नाकाने, आणि त्याचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. चिंगी रोज दाणा सतरंजीवर आणून आमच्यासमोर ठेवत होती. तो दाणा उचलून कोणी हुंगला नाही.

बरणी रिकामी करून फेकून दिली. नवे खाद्य ठरेपर्यंत डॉक्टरांना विचारून मऊ भात आणि उकडलेले अंडे सुरू केले. ती इतक्या घाईने जेवली की भांडे ओट्याच्या पायापर्यंत सरकत गेले.

२२ डिसेंबर, रविवार

आठवडाभर पाकिटांची तुलना केली. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या दुकानांत जाऊन पाकिटांच्या मागच्या बाजूचे फोटो काढून आणले आणि आज सगळे एका कागदावर मांडले. समोरची चित्रे आणि मोठ्या अक्षरांतली वाक्ये बाजूला ठेवली की कामाच्या ओळी तीन-चारच उरतात.

पहिली ओळ पाहायची ती अशी की हे खाद्य प्रौढ कुत्र्यासाठी 'संपूर्ण आणि संतुलित' आहे, की केवळ जोड-खाद्य किंवा खाऊ आहे. एका सुंदर पाऊचवर बारीक अक्षरांत 'पूरक' लिहिलेले होते; ते रोजचे जेवण म्हणून दिले असते तर उणीव कुठे राहिली हे वर्षभराने कळले असते.

दुसरी गोष्ट पाण्याची. ओल्या पाऊचवर प्रथिने आठ टक्के आणि कोरड्या पाकिटावर सव्वीस टक्के वाचून ओले खाद्य निकृष्ट वाटते. मात्र त्या पाऊचमध्ये ८३ टक्के पाणी आहे. पाणी वजा करून उरलेल्या सतरा भागांत आठ भाग प्रथिने, म्हणजे ४७ टक्के. कोरड्याचे पाणी दहा टक्के धरले, तर त्याचा हाच आकडा २९ येतो. पशुखाद्याची मानके ठरवणाऱ्या अमेरिकेतील एएएफसीओ या संस्थेची प्रौढ कुत्र्यासाठी किमान अट कोरड्या वजनावर प्रथिने १८ टक्के आणि स्निग्ध पदार्थ ५.५ टक्के अशी आहे, तेव्हा दोन्ही खाद्ये त्या बाजूने उत्तीर्ण होतात.

कॅलरी अनेक पाकिटांवर छापलेल्या नसतात, त्या काढाव्या लागतात. प्रथिनांच्या आणि पिष्टाच्या प्रत्येक ग्रॅमला ३.५ आणि स्निग्धाच्या ग्रॅमला ८.५ किलोकॅलरी धरतात. मी निवडलेल्या लहान जातींसाठीच्या कोरड्या खाद्यात प्रथिने २६, स्निग्ध १४, तंतू ३, ओलावा १० आणि राख, म्हणजे खनिजे, अंदाजे ७ धरली, तर पिष्ट ४० उरते. शंभर ग्रॅमला सुमारे ३५० किलोकॅलरी. ऐंशी ग्रॅमच्या ओल्या पाऊचचे उत्तर मात्र जेमतेम ५५ आले. चिंगीला दिवसाला पाच पाऊच लागतील, आणि ते आमच्या खर्चात बसणार नाही. ओले खाद्य आजारपणासाठी आणि प्रवासासाठी राखून ठेवले.

तिसरी गोष्ट मी आधी कधी विचारात घेतली नव्हती, ती पाकिटाच्या आकाराची. वरच्या खाऊचे २७ वजा जाता २४० किलोकॅलरी भांड्यातून द्यायच्या, म्हणजे रोज ६८ ग्रॅम. या हिशेबाने दहा किलोची गोणी जवळजवळ पाच महिने उघडी राहील, तीन किलोची सहा आठवडे, आणि सव्वा किलोची अठरा दिवस. उघडलेले पाकीट सहा आठवड्यांच्या आत संपवावे असा सर्वसाधारण दंडक आहे. किलोमागे भाव जास्त पडला तरी छोट्या कुत्र्याने छोटे पाकीटच आणावे, हे मला आता पक्के पटले आहे. मोठ्या गोणीत वाचलेले पैसे खवट दाण्यांच्या रूपाने कचऱ्यात जातात. दाणे मूळ पाकिटातच ठेवून, तोंडाला चिमटा लावून, ते पाकीट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचे आणि डबा गॅसपासून दूर.

२९ डिसेंबर, रविवार

घरच्या अन्नाचा विचारही रीतसर केला, कारण सासूबाईंचा प्रश्न रास्त होता : आपण जेवतो ते तिला का चालू नये? कामावरच्या एका सहकाऱ्याचे मत याच्या अगदी उलट होते. कुत्रा हा लांडग्याच्या कुळातला, त्याला धान्य देऊच नये, असे त्यांनी मला ठामपणे सांगितले. ते मला मान्य नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की पिष्ट पचवणारे द्रव्य तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात. माणसाच्या वस्तीत राहून कुत्रा भात-पोळी पचवायला शिकला आहे. धान्यविरहित खाद्यांच्या बाबतीत तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये कुत्र्यांच्या हृदयविकाराशी त्यांचा संबंध आहे का याची चौकशी सुरू केली होती. म्हणून 'धान्य नाही' ही ओळ मी गुण म्हणून धरलेली नाही.

घरच्या जेवणाची खरी अडचण कॅल्शियमची आहे. मांस, भात आणि भाजी यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. शरीराला दोन्ही निदान समप्रमाणात लागतात. तसे झाले नाही, तर शरीर हाडांतले कॅल्शियम काढून घेऊ लागते. अंड्याच्या कवचाची पूड करून ही उणीव भरता येते, तिच्या मापाला रोज सुमारे एक ग्रॅम पुरेल. पण जस्त, तांबे, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वे यांचे काय, याचे उत्तर पशुआहारतज्ज्ञाकडून पाककृती बांधून घेतल्याशिवाय मिळत नाही. शिवाय आमच्या ओट्यावर मांस शिजत नाही. पूर्ण घरचे जेवण हा मार्ग आम्ही सोडला. सासूबाईंसाठी उकडलेल्या अंड्याचा पाव भाग ठेवला आहे. तो १९ किलोकॅलरीचा होतो आणि खाऊच्या मर्यादेत बसतो.

४ जानेवारी २०२५, शनिवार

आज नवे खाद्य सुरू केले. पहिले तीन दिवस जुन्या जेवणात पाव हिस्सा, मग निम्मे, मग पाऊण आणि दहाव्या दिवशी पूर्ण, असा क्रम ठेवला आहे. ती पहिल्या दिवशी आनंदाने खाईल, हे गृहीतच आहे आणि त्यावरून मी काही ठरवणार नाही. नव्या वासाची ओढ कुत्र्यांना असतेच. आमची चार खाद्ये आम्ही याच पहिल्या उत्साहावर निवडली आणि तो ओसरल्यावर बदलली. त्यामुळे न खाता बसले की काहीतरी नवे येते, हेही ती शिकली असावी.

भांडे सकाळी आठला आणि संध्याकाळी साडेसातला खाली ठेवायचे, वीस मिनिटांनी उचलायचे, आणि मधल्या वेळेत त्याच्या जागी दुसरे काही द्यायचे नाही. चोवीस तास पोटात काहीच गेले नाही, तर मात्र शिस्त बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करायचा. लहान चणीच्या पिल्लांत उपाशीपोटी रक्तातली साखर झपाट्याने उतरते. चिंगी प्रौढ असली तरी तिच्या शरीरात साठाच थोडा आहे.

सध्या नाशिकची थंडी कडक आहे आणि पहाटे स्टीलचे भांडे हाताला झोंबते. दाण्यांवर दोन चमचे कोमट पाणी शिंपडून पाच मिनिटे झाकून ठेवले की वास उठतो आणि दाणा थोडा मऊ होतो. पाणी किती कोमट हवे ते सासूबाई मनगटावर थेंब टाकून ठरवतात, ओमच्या बाटलीच्या वेळी ठरवत तसे. भांडे आता त्याच भरतात.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळाचा एक लहान लाडू नव्वद-शंभर किलोकॅलरीचा होतो, म्हणून चिंगीला तिळगूळ नाही. कालपासून पूर्ण नवे खाद्य सुरू आहे आणि विष्ठा घट्ट, उचलताना आकार न मोडणारी आहे.

अण्णांचा प्रश्न मात्र सुटला, आणि तो त्यांनीच सोडवला. देवघरात कुंकवाची एक रिकामी डबी होती. ती धुऊन त्यांनी माझ्या काट्यावर ठेवली आणि तिच्यात चिंगीच्या ६८ ग्रॅममधले आठ ग्रॅम दाणे मोजून घेतले. सकाळच्या चहाला निम्मे, दुपारच्या चहाला निम्मे. बिस्किटाचा तुकडा धरत तसाच ते दाणा दोन बोटांत धरतात, आणि चिंगी तो त्याच आदबीने, ओठ मागे घेऊन उचलते. भांड्यात पडलेला दाणा आणि अण्णांच्या बोटांतला दाणा तिला एक वाटत नसावा.

२ फेब्रुवारी, रविवार

वजन ३.७ किलो. एकोणतीस दिवसांत भांडे पूर्ण न संपल्याच्या वेळा सहा. त्यातल्या चार पहिल्या आठवड्यातल्या. दुसरे पाकीट उघडले, तारीख झाकणावर लिहिली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज माघी पौर्णिमेला घरी सत्यनारायण होता. चिंगीला आतल्या खोलीत ठेवले होते, पण आरतीच्या वेळी दार उघडे राहिले. प्रसाद वाटताना पाहुण्यांतल्या एका लहान मुलीने आपल्या द्रोणातला शिरा चिंगीला चाटवला. मी पाहिले तेव्हा द्रोण रिकामा होता आणि चिंगीच्या मिशांना तूप लागले होते. शिऱ्यात बेदाणे होते.

द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. किती खाल्ले तर अपाय होईल, याचे भरवशाचे माप नाही. एखादे कुत्रे मूठभर खाऊन सुखरूप राहते आणि दुसरे थोडक्यातच गंभीर होते. म्हणून वाट पाहायची नसते. मी नेसत्या साडीनिशी तिला पदरात गुंडाळले, पतींनी गाडी काढली आणि अर्ध्या तासात आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी औषध देऊन उलटी करवली. शिऱ्याबरोबर तीन बेदाणे आले, फुगलेले, अख्खे. चिंगी ते चावलीच नव्हती. पुढे सलाईन लावले आणि रक्तातील क्रिएटिनिन आज, उद्या आणि परवा असे तीनदा तपासायचे ठरले, कारण मूत्रपिंडावरचा परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागू शकतात.

ती मुलगी रडत होती. तिने भक्तिभावानेच प्रसाद दिला होता. चूक माझी, दोन महिने कॅलरी मोजणाऱ्या मला घरात येणाऱ्या प्रत्येकाला हे एक वाक्य सांगून ठेवता आले असते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तिन्ही अहवाल ठीक आहेत. काल रात्री तिने निम्मे भांडे खाल्ले, आज सकाळी पूर्ण.

नाशिकमध्ये राहून ही नोंद अपुरी ठेवणे योग्य नाही. सध्या द्राक्षांचा हंगाम आहे, दिंडोरीहून नातेवाइकांची पेटी घरोघर येते आणि ओमच्या वयाची मुले घडच्या घड हातात घेऊन फिरतात. द्राक्षांतले नेमके काय बाधते हे अनेक वर्षे उमगले नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यांनी टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवले. हे आम्ल चिंचेतही भरपूर असते आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांनाही तसाच त्रास झालेला आढळला आहे. आमच्या रोजच्या आमटीत चिंच-गूळ असतो. आमटीत बुडवलेला पोळीचा तुकडा द्यायची सवय अनेक घरांत आहे, ती मोडायला हवी.

कांद्याचेही तसेच. लासलगावच्या बाजारपेठेच्या जिल्ह्यात कांदा घरात पोत्याने असतो आणि पोह्यांपासून भाजीपर्यंत सगळ्यांत पडतो. कांद्यातील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवून किंवा वाळवून हा दोष जात नाही. वजनाच्या दर किलोला पंधरा ते तीस ग्रॅम कांदा खाल्ला तर रक्तात बदल दिसतात असे नोंदले आहे. चिंगीच्या वजनाला ते किमान पंचावन्न ग्रॅम होतात, म्हणजे एक लहान कांदा. लसूणही याच कुळातला, आणि अधिक तीव्र. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे पदार्थ ओमला आधीच सांगितलेले होते. आज त्याने एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिले : 'चिंगीला बाहेरचे काही देऊ नये. द्राक्षे, बेदाणे, कांदा, लसूण, चिंच, चॉकलेट विष आहे.' तो पुठ्ठा दाराच्या आतल्या बाजूला, आलेल्या माणसाला चप्पल काढताना दिसेल असा लावला. शेजारच्या काकूंनी तो उभ्या-उभ्या पूर्ण वाचला आणि हातातली खारी पिशवीत परत ठेवली.

९ मार्च, रविवार

वजन ३.६ किलो, ठेवणीचे गुण पाच. डॉक्टरांनी ६८ ग्रॅमचे प्रमाण तूर्त कायम ठेवायला सांगितले. वजन यापुढेही उतरत राहिले तर पाच ग्रॅम वाढवायचे. दातांचे कीट काढण्यासाठी भूल द्यावी लागेल, ते पावसाळ्याआधी करायचे ठरले. तोपर्यंत रोज रात्री बोटावर मऊ कापड गुंडाळून, कुत्र्यांसाठीच्या पेस्टने दाढा पुसायच्या. माणसांची पेस्ट चालत नाही.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. पंचवटीतल्या रहाडीकडे, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदाकडे, जाणारी माणसे आणि ढोलताशे सकाळपासून आमच्या रस्त्यावरून जात होते. चिंगी दिवसभर पलंगाखाली होती. सकाळचे भांडे तिने हुंगलेही नाही. अण्णांनी चहाच्या वेळी पलंगाखाली हात घालून दाणा धरला, तोही घेतला नाही.

संध्याकाळी साडेसातला तिने चार-पाच दाणे खाल्ले आणि पुन्हा आत गेली. माझा हात, खरे सांगायचे तर, दुधाच्या पातेल्याकडे वळला होता. सासूबाई घड्याळाकडे पाहत होत्या. वीस मिनिटे झाल्यावर त्या म्हणाल्या, "आज भीतीनं भूक गेलीय तिची. उचल भांडं. उद्या सकाळी खाईल." मी भांडे उचलले.

२० मार्च, गुरुवार

सकाळी आठला ३० ग्रॅम, कोमट पाण्यासह. आठ वाजून सात मिनिटांनी भांडे रिकामे. अण्णांच्या डबीतले चार ग्रॅम, तेही संपले.